तास संपल्यावरचं स्पॅनिश: कोकणात राहून रोजचा सराव कसा करावा

रत्नागिरी, मालवण किंवा दापोलीत राहून स्पॅनिश शिकणाऱ्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. आठवड्यातून दोनदा ऑनलाइन वर्ग होतो, गृहपाठ होतो, क्रियापदांची रूपंही पाठ होतात. पण वर्ग संपला की पुढचे तीन-चार दिवस स्पॅनिशचा एक शब्दही तोंडातून निघत नाही, कारण आसपास ती बोलणारं कुणी नसतं. पुण्या-मुंबईत निदान सोबत शिकणारे भेटतात, इथे तेही नाही. मग वर्षभराने पेपर सोडवता येतो, पण ‘काल फार पाऊस होता म्हणून बाजारात गेले नाही’ एवढं सांगायला जीभ वळत नाही.

माझं ठाम मत असं आहे की यासाठी आणखी एक ॲप किंवा आणखी एक पुस्तक घेऊन फारसा फरक पडत नाही. आपला इथला दिवस जसा आहे तसा स्पॅनिशमध्ये बोलायला लागायचं, आणि तेही इंग्रजीच्या वळशाने न जाता थेट मराठीवरून. खाली दिलेली पद्धत त्यासाठीच आहे. ज्यांना वर्तमानकाळ, साधी वाक्यं आणि चार-पाचशे शब्द येतात, म्हणजे जे ए१ ही पहिली पातळी संपवत आले आहेत, त्यांना ती लगेच वापरता येईल. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी दोन-तीन महिने वर्ग करावा.

इथे स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या वहीत मात्र ते रोमन लिपीतच लिहा. स्पॅनिशचं स्पेलिंग उच्चाराला धरून चालतं, त्याचे थोडके नियम पहिल्या काही आठवड्यांत बसून जातात.

कुठलं स्पॅनिश?

स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे आणि प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी आहे. आपली कोळंबी स्पेनमध्ये ‘गांबा’ आणि मेक्सिकोत ‘कामारोन’. स्पेनच्या बऱ्याच भागांत जिथे जीभ दातांत धरून थ-सारखा आवाज काढतात, तिथे लॅटिन अमेरिकेत सरळ ‘स’ म्हणतात. सुरुवातीला एकच बाजू धरा. स्पेनला शिकायला किंवा नोकरीला जायचं नक्की असेल तर स्पेनची, नाहीतर मी मेक्सिको किंवा कोलंबियाची सुचवेन. ‘स’ आपल्याला सोपा जातो आणि तिथल्या लोकांशी बोलायची वेळ आपल्या सकाळशी छान जुळते. त्याबद्दल पुढे.

इंग्रजी बाजूला ठेवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर वेळ घालवते.

उच्चारांपासून सुरुवात करा. स्पॅनिशमधले त आणि द हे आपलेच दंत्य त आणि द आहेत. टोमॅटोला ‘तोमाते’ म्हणायचं, ‘टोमाटे’ नाही. प, त, क यांत इंग्रजीसारखा हवेचा झोत नसतो, मराठीतल्यासारखेच ते कोरडे असतात. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. ‘च’ हा ‘चहा’मधला, ‘चमचा’तला नाही. म्हणजे इंग्रजी शाळेत कमावलेले ट आणि ड टाकून दिले की अर्धं काम झालं. मेहनत लागते ती तीन जागी. एक, ‘जे’ या रोमन अक्षराचा घसा घासून येणारा आवाज. उर्दू गझल ऐकणाऱ्यांना ‘ख़’ माहीत असतो, त्याच्या तो जवळ आहे. दोन, दुहेरी र. ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, तिथे जीभ थरथरलीच पाहिजे. तीन, एच हे अक्षर लिहायचं पण उच्चारायचं नाही.

आता वाक्यरचना. ‘मे गुस्ता एल मांगो’ हे वाक्य इंग्रजीतून शिकवलं की विद्यार्थी गोंधळतात, कारण इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. मराठीत आपण म्हणतो ‘मला आंबा आवडतो’, आणि आंबे अनेक झाले की ‘आवडतात’. स्पॅनिशमध्येही तेच: ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं. ‘मला वाटतं’साठी ‘मे पारेसे’, हेही त्याच साच्यातलं.

तसंच ‘घर पाहिलं’ पण ‘सुनीलला पाहिलं’. माणसाला ‘ला’ लागतो, वस्तूला लागत नाही. स्पॅनिशमध्ये ‘बी ला कासा’, पण ‘बी आ सुनील’. तो मधला ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’ समजा. भूतकाळात ‘गेलो’ आणि ‘जायचो’ यांत आपण सहज फरक करतो. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘फुई’, दुसऱ्याला ‘इबा’. लहानपणी किनाऱ्यावर खेळायला जायचो, हे सांगताना कुठलं रूप घ्यायचं याचा विचार मराठी माणसाला करावाच लागू नये. पुढे ज्या रूपांना सगळे घाबरतात, त्यांतही मराठी धावून येते: ‘किएरो के बेंगास’ म्हणजे ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’. आपण जिथे ‘यावं, करावं, असावं’ म्हणतो, तिथे पुष्कळदा स्पॅनिशचं हे वेगळं रूप येतं. आणि तू-तुम्हीचा भेद तर आहेच: मित्राला ‘तू’, वडीलधाऱ्यांना ‘उस्तेद’.

मराठी कुठे मदत करत नाही हेही माहीत असावं. आपल्या एका ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत. आंबा जातीचाच गोड आहे तर ‘एस दुल्से’, पण आज कच्चा आहे तर ‘एस्ता बेर्दे’ आणि चार दिवसांनी पिकला की ‘एस्ता मादुरो’. आढीतला आंबा रोज उघडून बघताना ही दोन वाक्यं म्हणा, महिन्याभरात फरक अंगात मुरतो. दुसरी अडचण लिंगाची. पाऊस आपल्याकडे पुल्लिंगी, ‘ला युब्या’ स्त्रीलिंगी. मीठ नपुंसकलिंगी, ‘ला साल’ स्त्रीलिंगी. म्हणून वहीत नुसतं ‘साल’ कधीच लिहू नका, ‘ला साल’ लिहा.

दिवसाला जोडून घ्या

वेगळा ‘सरावाचा तास’ काढायचा बेत बहुधा दुसऱ्या आठवड्यात मोडतो. त्यापेक्षा रोज न चुकता होणारी दोन-तीन कामं निवडा आणि ती स्पॅनिश बोलत करा. तोंडाने, आवाज काढून. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य नेहमी सोपं वाटतं. बोलायला गेलं की कळतं कुठला शब्द नाही ते.

स्वयंपाकघर सगळ्यात चांगलं, कारण तिथे हात चालू असतात आणि क्रिया एकामागून एक येतात. खवणीवर नारळ खवताना ‘एस्तोय रायांदो कोको’, कांदा चिरताना ‘एस्तोय कोर्तांदो ला सेबोया’. आपलं ‘खवतेय, चिरतेय’ जसं, तसंच हे रूप. पहिल्या आठवड्यात दहा क्रियापदं पुरेत: धुणे, चिरणे, खवणे, वाटणे, ढवळणे, उकळणे, तळणे, वाढणे, झाकणे, पुसणे. ती न अडखळता यायला लागली की कारण जोडा: नारळ कशासाठी खवतेय, मासे कोण खाणार, उशीर का झाला.

डब्यांवर नावं चिकटवायची युक्ती चांगली आहे, पण आपल्याकडे जूनमध्ये कागदाला बुरशी येते नाहीतर तो गळून पडतो. नाव लिहून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. आणि सगळं घर भरू नका. दहा नावं लावा, पाठ झाली की काढून दुसरी लावा.

मासळी बाजार ही दुसरी जागा. मिरकरवाड्याला जा, मालवणच्या बाजारात जा किंवा हर्णैच्या किनाऱ्यावरचा लिलाव बघा, आकडे आणि भाव यांचा एवढा सराव दुसरीकडे कुठे होत नाही. ऐकलेला प्रत्येक भाव मनात स्पॅनिशमध्ये वळवायचा. आपण ‘एकतीस’ म्हणताना एकाला आधी घेतो, स्पॅनिशमध्ये दशक आधी येतं: ‘त्रेइंता इ उनो’, तीस आणि एक. हा क्रम उलटा करायची सवय वेगात ऐकतानाच लागते. बाजार नसेल त्या दिवशी गाड्यांचे नंबर वाचा. एसटीच्या खिडकीतून दिसणारी एमएच ०८ किंवा एमएच ०७ची प्रत्येक पाटी म्हणजे चार आकडे फुकट.

माशांची सगळी नावं शोधत बसू नका. सुरमई, पापलेट यांना देशोदेशी वेगळी नावं आहेत आणि त्यात तासन्‌तास जातात. पक्की बसणारी नावं घ्या: तारली ‘सार्दिना’, बांगड्याला ढोबळपणे ‘काबाया’, माकूल ‘कालामार’, खेकडा ‘कांग्रेखो’, तिसऱ्या ‘आल्मेखास’, कालवं ‘ओस्त्रास’. घरी आल्यावर पिशवी ठेवता ठेवता भूतकाळात चार वाक्यं बोला. ‘ओय कोंप्रे मेदियो किलो दे कामारोनेस’, आज अर्धा किलो कोळंबी घेतली. ‘एस्ताबान कारोस’, महाग होती. भाव कमी केला की नाही, कोण भेटलं, पाऊस लागला का. एवढंच, पण रोज.

हवामान तर इथे विषय म्हणून कधी संपतच नाही. भरती ‘मारेआ आल्ता’, ओहोटी ‘मारेआ बाखा’, रिमझिम ‘योबिस्ना’, मोठी सर ‘आग्वासेरो’. पाठ्यपुस्तकात ट्रॅफिक सिग्नल, मेट्रो आणि मॉल हे शब्द आधी येतात. तुम्ही गुहागरला राहत असाल तर ते मागे ठेवायला काहीच हरकत नाही. जो शब्द उद्या पुन्हा वापरावा लागणार आहे, तो आधी शिका.

शब्द नाही म्हणून थांबू नका

कोकम, सोलकढी, घावणे, होळीचा शिमगा, देवाची पालखी यांना स्पॅनिश शब्द शोधायचा नाही. मराठी शब्द तसाच ठेवायचा आणि समजावून सांगायचं. कोकम: ‘एस उना फ्रुता पेकेन्या इ आसिदा, ला उसामोस कोमो एल तामारिंदो’, लहान आंबट फळ, आम्ही चिंचेसारखं वापरतो. घावणे: ‘एस कोमो उना क्रेपा दे आरिना दे आर्रोस’, तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं. हे जमायला लागलं की भीती एकदम कमी होते, कारण मग कुठल्याही अडलेल्या शब्दाला वळसा घालता येतो. आठवड्याला एक इथली गोष्ट घ्या आणि तीन वाक्यांत समजावायचा प्रयत्न करा.

यातूनच पुढे पाच लहान बोलणी तयार करा, प्रत्येकी दहाएक वाक्यांची: माझं गाव, घरातली माणसं, माझं काम, आमचा गणपती, आमचा पावसाळा. परदेशातला कुणीही भेटला तरी पहिल्या अर्ध्या तासात हेच विचारतो. चाकरमान्यांनी घर भरतं, आरत्या होतात, मुंबईहून गाड्या तुडुंब येतात, हे सांगायला मिळालं की समोरचाही खरंच रस घेतो.

बोलायला माणूस

भाषा देवाणघेवाणीची ॲप्स, म्हणजे टँडेम किंवा हॅलोटॉक, इथे खरी उपयोगी पडतात. तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजी हवं असतं, आपल्याला स्पॅनिश. अर्धा वेळ एक भाषा, अर्धा वेळ दुसरी, हे आधीच ठरवा आणि घड्याळ लावा. नाहीतर सगळं संभाषण इंग्रजीकडे घसरतं.

वेळेचं गणित असं. कोलंबिया आणि पेरू आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहेत, म्हणजे आपल्या सकाळी साडेसहाला तिथे आदल्या रात्रीचे आठ. मेक्सिको शहर साडेअकरा तास मागे, आपल्या सकाळी साडेसातला तिथे रात्रीचे आठ. दोन्हीकडे लोक कामावरून घरी आलेले असतात आणि आपला दिवस सुरू व्हायचा असतो. स्पेन हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, त्यामुळे त्यांच्यासाठी आपली रात्र साडेनऊनंतरची.

पहिल्या फोनआधी चार वाक्यं अशी घोटा की झोपेतही यावीत. ‘मास देस्पासियो, पोर फाबोर’, जरा हळू. ‘कोमो से दीसे’, याला काय म्हणतात. ‘केरिया देसीर’, मला असं म्हणायचं होतं. ‘मे कोर्रिखेस?’, चुकलं तर सांगशील? ही चार वाक्यं असली की अडलात तरी स्पॅनिशमध्येच राहता.

नेट कमी असेल तर व्हिडिओ कॉलचा हट्ट सोडा. एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायचा, समोरून एक यायचा. पावसाळ्यात वीज आणि टॉवर दोन्ही जातात तेव्हा हीच पद्धत टिकते. शिवाय निरोप तीनदा ऐकता येतो, उत्तर द्यायच्या आधी विचार करता येतो. सुरुवातीच्या दोन महिन्यांत मी तर कॉलपेक्षा हेच करायला सांगेन.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, विशेषतः मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना. या ॲप्सवर सगळेच भाषेसाठी येत नाहीत. फोन नंबर, गाव, घराचा फोटो देऊ नका, पैशाचा किंवा भेटीचा विषय निघाला की संभाषण बंद करा. महिनाभर फक्त ॲपमध्येच बोला.

प्रत्यक्ष माणसं? गणपतीपुळे, तारकर्लीला होम-स्टे चालवणाऱ्यांकडे कधीमधी स्पॅनिश बोलणारे पाहुणे येतात, गोव्याच्या हद्दीजवळ जास्त. आधी विचारा: ‘आब्लास एस्पान्योल? एस्तोय आप्रेंदियेंदो’, स्पॅनिश येतं का, मी शिकतेय. समोरचा खुलला तर बोला, नाहीतर त्यांची सुट्टी त्यांना घेऊ द्या. आणि घरात, शेजारी कुणी जहाजावर असेल, कोकणात असतंच, तर त्यांना विचारा. पनामा कालव्यातून गेलेली, दक्षिण अमेरिकेच्या बंदरांत थांबलेली माणसं आपल्या वाडीत असतात. कित्येकांना बंदरावरचे दहा-वीस शब्द येतात, आणि त्या शब्दांमागे गोष्टी असतात.

पोर्तुगीजबद्दल बरेच जण विचारतात. बादली, साबण, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले आणि त्यांची स्पॅनिश भावंडं ओळखू येतात, ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. रायगड जिल्ह्यात कोर्लईला आजही पोर्तुगीजवर आधारलेली नौ लिंग बोलली जाते. हे सगळं जाणून घेण्यासारखं आहे, पण त्यावर स्पॅनिशचा सराव होत नाही. कोर्लईला गेलात तर त्या लोकांची घरची भाषा म्हणून ऐका.

ऐकणं, वाचणं, लिहिणं

ऐकायचं ते घरच्या वायफायवर आधी उतरवून ठेवा. कोकण रेल्वेच्या कारबुडे बोगद्यात, साडेसहा किलोमीटर, नेट नसतंच, आणि घाटातल्या एसटीतही नाही. दहा मिनिटं एकदा ऐकण्यापेक्षा दोन मिनिटं पाच वेळा ऐका: पहिल्यांदा नुसतं, मग लिखाण समोर ठेवून, मग अर्धा शब्द मागे राहून सोबत बोलत. स्पेनच्या सरकारी आरटीव्हीई वाहिनीचं साहित्य नेटवर आहे, बीबीसी मुंडोवर लहान बातम्या वाचायला मिळतात. क्रीडाप्रेमींनी ला लीगा या स्पेनच्या फुटबॉल लीगच्या सामन्याचं स्पॅनिश समालोचन लावावं. वेग भयंकर असतो, पण खेळ दिसत असल्याने अर्थ लागतो.

फोनची भाषा स्पॅनिश करणार असाल तर आधी परत यायचा रस्ता कागदावर लिहून ठेवा. बँकेची आणि पैसे पाठवायची ॲप्स मात्र मराठी किंवा इंग्रजीतच ठेवा.

रात्री चार ओळी लिहा. दुरुस्तीसाठी लँग्वेजटूल चालेल, चॅटबॉटही चालेल, पण त्याला परिच्छेद नव्याने लिहायला सांगू नका. ‘चुका फक्त दाखव, मी दुरुस्त करते’ असं सांगा. आणि एका आठवड्यात एकाच प्रकारच्या चुकीमागे लागा. या आठवड्यात लिंग, पुढच्या आठवड्यात भूतकाळ. शब्दार्थासाठी रॉयल स्पॅनिश अकादमीचा कोश नेटवर फुकट आहे, ए२ ही दुसरी पातळी संपल्यावर तो उघडायला लागा.

महिन्यातून एकदा, एकाच प्रश्नावर, ‘काल दिवसभर काय केलं’, दोन मिनिटं बोलून ध्वनिमुद्रण ठेवा. मध्ये ऐकू नका. तिसऱ्या महिन्यात तिन्ही लागोपाठ ऐका. कुठे अजून थांबताय ते कुणी सांगावं लागत नाही. पुढे कुठे प्रमाणपत्र लागणार असेल तर स्पॅनिशच्या दोन परीक्षा आहेत, डेले आणि सिएले: डेलेचं कायमचं असतं, सिएलेचं पाच वर्षं चालतं. ज्यांना नक्की कधी उपयोग होईल हे माहीत नाही, त्यांनी डेले बघावी.

पहिला आठवडा

पहिले दोन दिवस फक्त स्वयंपाकघर आणि दहा क्रियापदं. तिसऱ्या दिवशी बाजार आणि त्यावरची चार वाक्यं. चौथ्या दिवसापासून रात्रीच्या चार ओळी. आठवडा संपताना ‘माझं गाव’ तयार करा आणि ॲपवर एकालाच निरोप पाठवा. दहाजणांना पाठवलेत तर एकाशीही नीट बोलणं होत नाही. दुसऱ्या आठवड्यात ऐकणं जोडा, त्याआधी नको.

मधे लग्नसराई, आंब्याची तोड, गणपती येणारच. त्या दिवसांत बाकी सगळं सोडा आणि एका मिनिटाचा आवाजी निरोप तेवढा चालू ठेवा. दर्यावर जाणाऱ्या घरांत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीचा काळ मोकळा असतो. लांब ऐकणं, पाच बोलण्यांची तयारी आणि आठवड्याला दोन कॉल यांसाठी ते दोन महिने आधीच ठरवून ठेवा, आणि मे महिन्यातच ऐकायचं सगळं उतरवून घ्या.